गाडीतला टेप आणि ह्यांचे कान

गाडीत जे काही वाजतं त्याला आमच्या पिढीत अजून 'टेप'च म्हणतात. फिलिप्सने कॅसेट आणली १९६३ साली, सीडी आली १९८२ साली, मग पेनड्राइव्ह आला आणि आता तर गाणी फोनमधून वायरीशिवायच येतात. पण आमच्या घरात "टेप लाव गं" हे वाक्य काही बदललं नाही. वस्तू गेली तरी शब्द टिकला. वर्गात मराठी शिकवत असते तर अर्थविस्ताराच्या धड्याला हे उदाहरण नक्की दिलं असतं.

तर आजचा विषय हा टेप. म्हणजे गाडीबरोबर कंपनीनेच बसवून दिलेला टेप, आणि त्याचा आवाज सुधारायचा कसा. सत्तरी ओलांडलेल्या, मराठी विषय घेऊन बी.ए. झालेल्या बाईने यावर लिहावं म्हणजे जरा अतीच, असं आमच्या भावकीतले काहीजण म्हणतील. म्हणू देत. या एका विषयात मी दीड वर्ष घातलं आहे. त्यातून जे कळलं ते टेपपुरतंच राहिलं नाही, म्हणून लिहायला बसले.

पूर्वी बरं होतं. अ‍ॅम्बॅसॅडर काय किंवा प्रीमियर पद्मिनी काय, गाडी घेतली की टेप वेगळा घ्यायचा. डॅशबोर्डात १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असा ठरलेल्या मापाचा चौकोन असायचा, त्यात कुठल्याही कंपनीचा टेप बसायचा. नाही आवडला तर काढून दुसरा लावा. आता तसं नाही. आता डॅशबोर्डावर मोठा पडदा असतो, आणि गाडी मागे घेतानाचा कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, फोन, सगळं त्या पडद्यालाच जोडलेलं असतं. तो काढून दुसरा लावणं म्हणजे सगळ्या गाडीचे ऋणानुबंध तोडण्यासारखं. त्यामुळे कंपनीने दिलं ते गोड मानून लोक ऐकत राहतात.

आम्ही २०१९ साली एक छोटी गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या किमतीच्या बहुतेक गाड्यांत कमीजास्त हीच गोष्ट असते. चार दरवाजांत चार स्पीकर. कागदाचा कोन, मागे लहानसं मॅग्नेट, वजनाला हलके आणि किमतीला स्वस्त. आमचे हे रेल्वेत गार्ड होते. (२०२२ पासून गार्डाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात म्हणे. ह्यांना ते नाव अजिबात आवडलेलं नाही.) मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांचे रूळ होते, त्या काळातली ह्यांची नोकरी. इंजिनाच्या शिट्टीवर आणि चाकांच्या आवाजावर कान ठेवून आयुष्य काढलेलं. आणि भावगीतांचं वेड. गाडीत बसले की प्रत्येक गाण्याबरोबर गुणगुणायचे, आणि मध्येच "बघ, काय शब्द टाकलाय!" म्हणून मलाच ऐकवायचे.

ते हळूहळू थांबलं. कधी थांबलं ते नेमकं सांगता येणार नाही, पण २०२३ च्या सुमारास माझ्या लक्षात आलं की मिरज ते पुणे असा सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा रस्ता आम्ही जवळजवळ मुक्याने कापतो. लांबच्या प्रवासाला भाचा गाडी चालवतो, हे त्याच्या शेजारी बसतात, मी मागे. पेठ नाक्याला हमरस्त्याला लागलो की हे टेपचा आवाज वाढवत जायचे. पंधरा, वीस, पंचवीस, अठ्ठावीस. अठ्ठावीसवर दरवाजा थरथरायचा आणि गायिकेच्या गळ्याला पत्र्याची धार यायची. मग हेच वैतागून बंद करायचे. "टेप भिकार आहे, एक शब्द कळत नाही."

पुण्याला पोचल्यावर मुलगा मला बाजूला घेऊन म्हणायचा, "आई, टेपला काही झालेलं नाही. बाबांना ऐकू येत नाही आता. तू त्यांना कानाच्या डॉक्टरकडे ने." हे मला बाजूला घेऊन म्हणायचा, बरं का. ह्यांच्या समोर नाही. जेवताना सुद्धा ह्यांना काही विचारायचं असलं तर मला विचारायचे. "बाबांना अजून भात हवा का?" माणूस समोर ताटावर बसलेला! मला ते फार लागायचं. आणि ह्यांना कानाचं नाव काढलं तरी राग यायचा. "मी गार्ड होतो. माझे कान तपासणार कोण?"

म्हणजे वाद असा होता: दोष टेपचा की कानाचा? एक पक्ष म्हणतो टेपचा, दुसरा म्हणतो कानाचा, आणि दोघांपैकी कुणीही तपासलेलं नाही. शाळेत चाळीस वर्षं काढलेल्या बाईला असा वाद सोडवायचा एकच मार्ग माहीत असतो. परीक्षा घ्यायची!

मी शुद्धलेखनाची परीक्षा घेतली. वीस-वीस शब्दांच्या वेगवेगळ्या याद्या केल्या. साधे, दोन-तीन अक्षरी शब्द, पण एकमेकांपासून तुटलेले. गाण्यावर परीक्षा घेऊन उपयोग नव्हता, कारण पाठ असलेलं गाणं माणूस कानाने ऐकतच नाही, आठवणीने ऐकतो. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' लागायचं, त्यातली छप्पन्न गाणी ह्यांना मुखोद्गत. ती लावली तर शंभरापैकी शंभर. म्हणून सुटे शब्द. एक यादी घरी, जेवणाच्या टेबलापलीकडून, ओठ दिसू नयेत म्हणून वर्तमानपत्र आडवं धरून मी नेहमीच्या आवाजात वाचली. दुसरी फोनवर रेकॉर्ड करून हमरस्त्यावर गाडीच्या टेपवर लावली, आवाज ह्यांना हवा तेवढा ठेवून. हे कुरकुरत का होईना, पण मांडीवर वही घेऊन लिहीत होते. गाडीच्या हिसक्यांनी अक्षर तिरपं झालेलं, तेवढी सूट दिली.

निकाल: घरी वीसपैकी सतरा. गाडीत वीसपैकी नऊ.

मी मागच्या सीटवर बसून वही तपासली आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! अहो, सतरा आणि नऊ यांत आठचं अंतर आहे. ते आठ मार्क तरी ह्यांच्या कानाने घालवलेले नव्हते. माणूस खोटं बोलत नव्हता. टेप खरोखरच नापास होता. उरलेल्या तिनांचं काय ते पुढे बघू म्हटलं.

आता चुका कुठल्या होत्या ते बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. 'साय' ऐवजी 'पाय', 'फार' ऐवजी 'पार', 'शीत' ऐवजी 'गीत'. स्वर सगळे बरोबर, व्यंजनं चुकलेली. आपण व्याकरणात स्वर आणि व्यंजन शिकवतो, पण ऐकण्यात त्यांची कामं किती वेगळी आहेत हे मला इतक्या वर्षांत असं दिसलं नव्हतं. शब्दाचा दणका असतो स्वरात, आणि अर्थ असतो व्यंजनात. 'साय, पाय, गाय, हाय' यांतलं पहिलं व्यंजन पुसलं की चारही शब्द सारखेच. स, श, च, फ, थ यांचा जो सुस्कारा किंवा फुत्कार असतो तो बारीक, उंच कंपनांचा असतो, साधारण दोन हजार हर्ट्‌झच्या वरचा. आणि ताकद अगदी कमी. म्हणजे शब्दातला सगळ्यात महत्त्वाचा भाग सगळ्यात नाजूक.

गाडी नेमका तोच भाग खाते. एक तर टायरची घरघर आणि इंजिनाची गुरगुर ही जाड, खालच्या स्वरांची असते, आणि जाड आवाज बारीक आवाजाला झाकून टाकतो. दुसरं म्हणजे दरवाजातला स्पीकर असतो पायाच्या घोट्याजवळ. बारीक स्वर सरळ रेषेत जातात, जाड स्वरांसारखे पसरत नाहीत. त्यामुळे सगळे 'स' आणि 'श' आपल्या पोटऱ्यांना ऐकू येतात, कानापर्यंत पोचत नाहीत! आणि तिसरं, वय झालं की कानाचंही पहिल्यांदा हेच बारीक ऐकणं कमी होतं. म्हणजे गाडी आणि म्हातारा कान, दोघंही शब्दाचा एकच भाग खातात. म्हणूनच दोष कुणाचा ते वरवर बघून कळत नाही.

इथे एक गोष्ट मनात पक्की झाली. आवाज वाढवणं आणि आवाज सुधारणं ही दोन वेगळी कामं आहेत. अठ्ठावीसवर नेला तरी 'स' मोठा होत नव्हता, दरवाजा मोठा होत होता.

पहिल्यांदा फुकटातले उपाय केले. टेपच्या पडद्यावर आवाजाच्या सेटिंगमध्ये गेले तर तिथे 'रॉक' निवडलेलं आणि बेस वर चढवलेला. आमची मराठी गाणी शब्दांवर उभी असतात. यशवंत देवांनी 'शब्दप्रधान गायकी' नावाचं पुस्तकच लिहिलं आहे. शब्द असतात मधल्या आणि वरच्या स्वरांत, आणि हे सेटिंग खालचा ढोल फुगवणारं. ते काढून सगळं शून्यावर आणलं, मग बेस दोन घरं खाली, मधला एक घर वर. मागच्या स्पीकरांचा आवाज कमी करून पुढच्यांवर भर दिला. 'लाउडनेस' नावाचं एक बटण असतं, तेही बंद केलं. त्यामागे शास्त्र आहे: हळू आवाजात आपल्या कानाला जाड आणि अगदी बारीक स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली मोजून दाखवलं. ती कमतरता भरून काढायला हे बटण असतं. पण मोठ्या आवाजात ते चालू राहिलं तर नुसता गोंगाट.

मग गाण्यांची तपासणी. नातवाने कधीतरी भरून दिलेला पेनड्राइव्ह होता, सातशे गाण्यांचा. जागा वाचावी म्हणून गाणी अगदी चेपून भरलेली. एमपीथ्री करताना आवाजातला काही भाग टाकून देतात, आणि फार चेपलं तर बारीक स्वरांवर पहिली कुऱ्हाड पडते. स्पीकरपर्यंत 'स' पोचलाच नाही तर स्पीकर तरी काय करणार? आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून! नातवाकडून ती गाणी चांगल्या प्रतीची घेऊन पुन्हा भरून घेतली. फोनवरून लावायची असतील तर ॲपमध्ये गाण्याचा दर्जा 'डेटा वाचवा' वर असतो, तो बदलायचा. आणि फोनचा स्वतःचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून कमीजास्त गाडीच्या टेपवर करायचा.

एवढ्यावर पुन्हा परीक्षा घेतली. नवी यादी, तोच रस्ता. वीसपैकी बारा. एक पैसा खर्च न करता तीन मार्क वाढले.

मग दुकानं. पहिल्या दुकानात गेले तर तो मुलगा डिकी उघडून उभा. "काकू, इथे सबवूफर टाकू. असा बेस देतो की आरशातलं चित्र हललं पाहिजे."

"अरे बाबा, मला बेस नको. मला शब्द पाहिजेत."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी कापडाच्या दुकानात जाऊन मेथीची जुडी मागितली. मग त्याने मोठ्या वॉटचा ॲम्प्लिफायर दाखवला. तोवर मी थोडा अभ्यास केला होता. टेपच्या खोक्यावर '५० वॉट गुणिले ४' असं छापलेलं असतं ते क्षणभराच्या टोकाचं माप. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. तेवढ्यावर असा टेप एका स्पीकरला सलग पंधरा ते वीस वॉटच देऊ शकतो. पण तेही खूप झाले. कारण कानाचं गणित असं आहे की आवाज दुप्पट मोठा वाटायला ताकद साधारण दहापट लागते. तेव्हा पन्नासाचे शंभर वॉट केले म्हणून कानाला फारसं काही कळत नाही. त्यापेक्षा एका वॉटमध्ये जास्त आवाज देणारा स्पीकर बघावा. खोक्यावर त्याचे डेसिबल लिहिलेले असतात. तीन डेसिबल जास्त असलेला स्पीकर म्हणजे जवळजवळ दुप्पट ताकद फुकट. त्या मुलाला "विचार करून सांगते" म्हणून निघाले.

दुसरा कारागीर भाच्याने शोधला. त्याचं दुकान असं काही नाही, पत्र्याची शेड आहे. त्याने आधी काही विकायला काढलं नाही. दरवाजावर टिचकी मारली, आपण माठ घेताना मारतो तशी. मग म्हणाला, "काकू, स्पीकर नंतर. आधी दरवाजा वाजतोय तो गप्प करू."

मिरजेत राहून ही गोष्ट मला न कळली तरच नवल. आमच्याकडे तंबोरे आणि सतारी घडवणारी घराणी आहेत, २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याची तार कितीही चांगली घ्या, भोपळा चिरलेला असेल तर तो बोलत नाही. गाडीत स्पीकर ही तार आणि दरवाजा हा भोपळा. फरक इतकाच की तंबोऱ्याचा भोपळा घुमायला हवा आणि गाडीचा दरवाजा घुमायला नको.

त्याने दरवाजाचं आतलं पॅनेल काढलं तेव्हा मी बघायला उभीच होते. आत नुसता पातळ पत्रा, आणि मधल्या पत्र्याला हाताचा पंजा जाईल एवढी भोकं. स्पीकरचा कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन्ही लाटा त्या भोकांतून एकमेकींना भेटल्या की जाड स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून बेस वाढवावा लागतो, तो वाढवला की पत्रा थरथरतो, आणि पत्र्याच्या थरथरीत शब्द बुडतात. असं ते चक्र! त्याने बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराची, वरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली चिकट शीट लावली, छोट्या रोलरने दाबून दाबून. मधल्या पत्र्याची भोकंही त्याच शीटने बुजवली. पण दरवाजाच्या अगदी तळाशी पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात, त्यांना हात लावला नाही. ती बुजली तर पावसाचं पाणी आत साठतं आणि दरवाजा गंजतो. हे काम करून घेणाऱ्यांनी एवढं डोळ्यांत तेल घालून बघावं.

मग पुढच्या दोन दरवाजांत नवे साडेसहा इंची स्पीकर, आणि बारीक स्वरांसाठी वेगळे छोटे ट्वीटर. ते त्याने वर आरशाजवळच्या तिकोन्यात बसवले, म्हणजे 'स' आणि 'श' घोट्याजवळून निघायचे ते आता तोंडासमोरून निघतात. कंपनीची वायर तोडली नाही, जुळणारा कनेक्टर आणून जोडला. गाडी वॉरंटीत असेल तर हे महत्त्वाचं. शेवटी त्याने घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घेऊन नव्या स्पीकरच्या तारांना क्षणभर लावला आणि कोन बाहेर सरकतो का ते बघितलं. एका बाजूच्या तारा उलट्या लागल्या तर डावा स्पीकर ढकलतो तेव्हा उजवा ओढतो आणि गाणं पोकळ होतं. मागचे दोन स्पीकर आहेत तसेच ठेवले. सगळं मिळून अकरा हजारांच्या आत झालं. सबवूफर नाही, ॲम्प्लिफायर नाही.

तिसरी परीक्षा झाली नरसोबाच्या वाडीच्या रस्त्यावर. टेप होता सतरावर. अठ्ठावीसवर नाही, सतरावर. हे लिहीत होते, मी मागून डोकावत होते. वीसपैकी सोळा!

भाचा खूश, मी खूश. हे मात्र वही हातात धरून बघत बसले होते. चुकलेले चार शब्द त्यांनी बोटाने दाखवले. चारांपैकी तिनांत 'स' नाहीतर 'श'. घरच्या परीक्षेतले चुकलेले तीन शब्द त्यांनी विचारले, मी सांगितले. तिथेही तेच. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टेप पास झाला. आता माझी परीक्षा कधी?"

मंडळी, दोन वर्षं मुलगा सांगत होता, मी सुचवत होते, आणि हे ऐकत नव्हते. का ऐकत नव्हते ते मला त्या दिवशी कळलं. सगळा दोष त्यांच्याच माथी मारला जात होता आणि त्यांना आतून माहीत होतं की तो सगळा आपला नाही. टेपचा वाटा टेपला दिल्यावर आपला वाटा घ्यायला त्यांनी एक मिनिट लावलं नाही.

सांगलीत तपासणी झाली. बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून २५० हर्ट्‌झपासून ८००० हर्ट्‌झपर्यंत एकेक स्वर ऐकवतात आणि त्याचा आलेख काढतात. ह्यांची रेषा डावीकडे सपाट आणि उजवीकडे घाट उतरावा तशी उतरलेली. जाड स्वर ठीक, बारीक कमी. दोन्ही कानांना सारखंच, म्हणजे वयाचंच. तिथल्या बाईंनी जे समजावलं ते ऐकताना मला त्या शेडमधल्या कारागिराची आठवण येत होती. नुसता आवाज मोठा करून उपयोग नाही, जे स्वर कमी ऐकू येतात तेवढेच उचलायचे, आणि मोठा आवाज आला तर यंत्राने तो आपोआप आवरायचा. कानाचं यंत्र म्हणजे शेवटी फार हुशार इक्वलायझर! त्यात गाण्यासाठी वेगळं सेटिंग असतं, कारण बोलणं स्पष्ट करणारी यंत्रणा कधीकधी तंबोऱ्यालाच गोंगाट समजून गाळायला बघते. ते मागून घ्यावं लागतं.

सगळं छान झालं असं नाही. पहिले काही आठवडे ह्यांना स्वतःच्या पावलांचा, वर्तमानपत्राचा, कुकरचा आवाज सहन होईना. गाणी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी वाटायची. दोनदा यंत्रं काढून कपाटात ठेवली होती. सवय व्हायला तीन-चार महिने गेले. आणि आजही खंबाटकी घाटात शेजारून ट्रक जात असेल तर कुणालाच काही कळत नाही, त्यांनाही नाही आणि मलाही नाही. पण पुण्याच्या रस्त्यावर आता आम्ही भांडतो. "तो शब्द असा नाही, तसा आहे" म्हणून. भाचा म्हणतो, "मावशी, आधीची शांतता बरी होती." मागच्या महिन्यात पुण्यात जेवायला बसलो असताना मुलाने ह्यांनाच विचारलं, "बाबा, भात वाढू?" हे म्हणाले, "वाढ. आणि तूपही." मी काही बोलले नाही, पण मला जेवण गोड लागलं.

आता ज्यांना हे करून बघायचं असेल त्यांच्यासाठी क्रम सांगते. आधी सेटिंग सपाट करा. मग गाण्यांची प्रत सुधारा. दरवाजाच्या कप्प्यातली चिल्लर, बाटल्या, किल्ल्या काढा, अर्धा खडखडाट तिथेच जातो. टायरमधली हवा बरोबर आहे का बघा. मग दरवाजा गप्प करा, मग पुढचे स्पीकर बदला, आणि तिथे थांबून ऐका. बहुतेकांना पुढे जावं लागत नाही. कोणी ॲम्प्लिफायर लावलाच तर बॅटरीपासून येणाऱ्या जाड तारेला बॅटरीजवळच फ्यूज हवा, हे विसरू नका. आणि एरवीही आवाज जपून. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. पुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होत जातो. तरुण मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि शेवटचं, खास आमच्या घरातल्या मुलाबाळांसाठी. घरातलं वयस्क माणूस म्हणालं की टेप नीट नाही, टीव्हीवरचं बोलणं कळत नाही, फोनमध्ये खरखर आहे, तर लगेच त्याच्या कानाकडे बोट दाखवू नका. आधी ती वस्तू तपासा, मनापासून तपासा. दोष निघाला तर दुरुस्त करा. नाही निघाला तर ते माणूस आपण होऊन विचारेल. वीस शब्द आणि एक वही, एवढंच सामान लागतं. याद्या मी जपून ठेवल्या आहेत, कुणाला हव्या असतील तर जरूर मागा.